१२ वर्षांच्या मुलीसाठी उन्हाळी कुस्ती शिबिर, खानापूर-बेळगाव भाग – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नंदगडजवळच्या एका खेड्यातले, तालुका खानापूर. मुलगी १२ वर्षांची, सातवीत जाणार, वजन ३५ किलो. घरात कुस्ती जुनी आहे, सासरे जत्रेच्या मैदानात लढायचे, धाकटे दीर पण लढलेत. पोरगी दोन वर्षं झाली काकाच्या मागनं अंगणात जोर-बैठका मारते आणि भाताची मळणी झाली की पिंजराच्या ढिगावर चुलतभावाला एकेरी पट काढून (एक पाय धरून) पाडते, तो तिच्यापेक्षा दीड वर्षानं मोठा आहे. आज्जी ओरडते, "काय करूलालीस गं, हातपाय मोडून घेशील," आणि तीच सकाळी तिच्यासाठी नाचणीची आंबील करून ठेवते. कपाटाच्या दाराला आतनं साक्षी मलिकचा २०१६ च्या ऑलिंपिकमधला ब्राँझ मेडलवाला फोटो चिकटवलाय.

अडचण अशी की गावच्या तालमीत मुलींनी मातीत उतरायचं नाही, पहिल्यापासनं रीत आहे. वस्तादांनी नीट बसवून चहा पाजून सांगितलं, "वहिनी, पोरीत दम हाय, पण हितं न्हाई जमायचं." त्यांच्यावर माझा राग नाही. पण घरी येताना पोरगीनं विचारलं, "आई, मारुतीला मी चालत नाही काय?" आणि मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासनं ठरवलंय की या सुट्टीत हिला कुठंतरी नीट शिकायला पाठवायचंच.

चौकशी केली तर दोन गोष्टी कळल्या. एक, कोल्हापूरच्या बाजूला २१ दिवसांचं निवासी शिबिर, मुलं-मुली दोघांसाठी. दुसरं, बेळगावात फक्त ५ दिवसांचा मॅटवरचा वर्ग, सकाळी अडीच तास, म्हणजे मला बहिणीकडं वडगावला राहावं लागणार. अजून एका शिबिरवाल्यांना फोन केला तर त्यांनी पहिलं वजन विचारलं आणि म्हणाले दोन किलो उतरवून आणा, खालच्या गटात बसली की मेडल पक्कं. १२ वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवायचं? मी फोनच ठेवला.

आता विचारायचंय ते असं की एवढ्या लहान मुलीला २१ दिवस एकटीला ठेवावं का, तिथं गेल्यावर मी काय काय बघायचं, माती चांगली का मॅट, आणि आम्ही कर्नाटकात असून कोल्हापूरला शिकवलं तर पुढं स्पर्धेला काही अडचण येते का? आमच्या ह्यांचं म्हणणं खर्च होऊदे पण पोरगी सुखरूप परत आली पाहिजे. अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

निपाणीची माती (प्रतिसाद)
ताई, फोन ठेवलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. वाढत्या वयात पाणी तोडून वजन उतरवणं म्हणजे पोराच्या अंगाशी खेळणं, जो कोच पहिल्या फोनवर हे बोलतो त्याच्याकडं पाठवूच नका.

माती का मॅट म्हणाल तर मी स्वतः लाल मातीतला माणूस, ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीचा वास आला की आजही अंगावर काटा येतो. पण मुलीसाठी मॅटच घ्या, कारण तिला ज्या स्पर्धा खेळायच्या त्या मॅटवरच होणार. मातीत चितपट झाली तरच निकाल, त्यामुळं पोरं खडाखडीत (नुसतं समोरासमोर उभं राहून हाताशी हात झटण्यात) वेळ काढायला शिकतात. मॅटवर पट काढून ताबा घेतला की २ गुण, रिंगणाबाहेर ढकललं की १, फ्रीस्टाइलला १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. लहान गटात दोन-दोन मिनिटांचे दोनच राऊंड असतात. म्हणजे पहिल्या सेकंदापासनं चाल करावी लागते. सवयच वेगळी. आणि मुलींना फ्रीस्टाइलच असते, ग्रीको रोमन (ज्यात कमरेखाली धरायचं नसतं) नाही, तेव्हा पायाला हात घालायची तिची जी हौस आहे ती वाया जाणार नाही, एकेरी पट तर हुकमी होईल.

आमच्या जवळ मुरगूडला मुली मॅटवर सराव करतात, एकदा नुसत्या बघायला घेऊन या. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. पोरीला सांगा हे. मारुतीचं तिला काय सांगायचं ते मला पण येत नाही, पण मेहनत करणाऱ्याला तो नको म्हणेल असं मला तरी वाटत नाही.

शाळामास्तर, खानापूर
स्पर्धेचं सांगतो. शिकायला कुठंही पाठवा, अडचण नाही. शालेय स्पर्धा मात्र ज्या शाळेत नाव आहे तिथनंच, म्हणजे तालुका, जिल्हा, मग कर्नाटक राज्य. तुमची मुलगी १४ वर्षांखालच्या गटात येते. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख, नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघा, आपल्याकडं मराठी नाव कन्नडमधनं इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतंच आणि ऐनवेळी पळापळ होते.

आणि कोल्हापूरच का धरलंय? तुम्हाला हल्याळ जवळ आहे की. तिथं कुस्ती गावागावात आहे, मुली पण खेळतात. आधी तिथं विचारा.

एक आई, शहापूर
माझा मुलगा दोन उन्हाळे शिबिराला गेला म्हणून लिहितेय. मुलींच्या खोलीत रात्री बाई माणूस कोण झोपतं ते नावानिशी विचारा, "असतात की" असं उत्तर आलं तर तिथनं उठा. एका कोचमागं किती पोरं ते बघा. आमच्या त्या शिबिरात एकाच हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं होती आणि मॅट रोज पुसत नव्हते, मुलगा गजकर्ण घेऊन आला, मग घरात सगळ्यांना झालं, जायला दोन महिने लागले. सराव झाल्या झाल्या साबणानं अंघोळ, टॉवेल कुणाला द्यायचा नाही, नखं बारीक. कान सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर, दाबत बसायचं नाही, नाहीतर पैलवानाचा कान कायमचा तसाच राहतो. आणि मानेवर पूल (डोकं टेकून अंगाची कमान) करायला पहिल्याच दिवशी लावत असतील तर थांबवा, मान आधी हळूहळू तयार व्हायला पाहिजे.

पाळी सुरू झाली नसली तरी तिच्याशी आधी बोलून ठेवा, २१ दिवसांत तिथंच सुरू झाली तर घाबरायला नको.

मला विचाराल तर आधी ५ दिवसांचं करा. पडायचं कसं, उभं कसं राहायचं एवढं जरी नीट शिकली तरी पैसे वसूल.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, पाळीचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मास्तर, आधारवर खरंच एक अक्षर जास्त निघालं, सोमवारी जातेय दुरुस्तीला. ह्यांच्याशी बोलणं झालं, यंदा बेळगावचा ५ दिवसांचा वर्ग करायचा आणि येत्या रविवारी हल्याळला बघून यायचं, मुरगूड मे महिन्यात. दीर म्हणतात मी पण येतो, वस्तादांना पण गाडीत घालूया. बघू येतात का.

नंदगड, बिडी, खानापूर भागातलं अजून कुणी मुलीला पाठवणार असेल तर इथं लिहा, वडगावला बहिणीच्या घरात दोन पोरींची सोय सहज होईल. जोडीला जोड मिळाली की हिला पण बरं.