फोटो नको, साइटचा नकाशा टाका (नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन ग्रुपवरची चर्चा)

अनुजा: ऑगस्टचा पहिला आठवडा, ५ रात्री. चार कुटुंबं, सात मुलं (सगळ्यात धाकटं २ वर्षांचं), शिवाय भारतातून आलेले सासू-सासरे. देशाबाहेर जायचंय, पण ड्रायव्हिंग तीन तासांच्या वर नको. तीन कॅम्पिंग काढलीत: बेल्जियमच्या आर्डेनमध्ये ड्युर्ब्वीजवळ नदीकाठी, लक्झेम्बर्गमध्ये एख्टरनाखजवळ आणि जर्मनीत मोझेल नदीवर कोखेमजवळ. कुठलं धरू?

रोहित: मोठी वॉटरस्लाइड असेल ते 😀

सचिन: अनुजा, फोटो राहू देत. तिन्ही साइटचे नकाशे (प्लाटेखरोंट) डाउनलोड करून इथे टाक. फोटोत सगळ्यांचंच गवत हिरवं असतं. नकाशात तीन गोष्टी बघायच्या: संडास-बाथरूमची इमारत, खेळायची जागा आणि साइटमधला गाड्यांचा रस्ता. तंबूपासून संडास ५० ते १०० मीटरवर असला की बरं. त्याहून जवळ घेतलं तर रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दार आपटल्याचे आवाज. १५० मीटरच्या पुढे गेलं की रात्री दोनला लहान मुलाला घेऊन जाणं जिवावर येतं. नकाशा प्रमाणात काढलेला नसतो, म्हणून अंतर उपग्रहाच्या फोटोवर मोजायचं.

मेधा: खेळायची जागा रस्त्याच्या पलीकडे असेल तर ती जागा बादच. शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्या कॅराव्हॅन एकामागे एक असतात आणि मुलं सायकलवर मध्येच येतात.

रोहित: अंतरं कशी आहेत?

सचिन: ड्युर्ब्वी सुमारे पावणेदोनशे किमी, दोन तास. कोखेम अडीचशेच्या आसपास. एख्टरनाख २६०-२७०, म्हणजे न थांबता तीन तास. दोन वर्षांचं पोर धरलं तर चार. लिएज शहराच्या रिंगरोडवर वेळ जातो, शुक्रवारी दुपारी तर विचारूच नका. या तिन्ही देशांत कारला मोटरवे टोल नाही. पेट्रोल लक्झेम्बर्गमध्ये नेदरलँड्सपेक्षा बरंच स्वस्त, त्यामुळे जाताना टाकी रिकामी आणि येताना भरलेली.

मेधा: एख्टरनाखचा रस्ता सांक्ट फिथ, बिटबुर्ग करत जर्मनीतून जातो हे लक्षात घ्या. इथे नेदरलँड्समध्ये मुलांची सीट १.३५ मीटर उंचीपर्यंत, जर्मनीत १.५० मीटर किंवा १२ वर्षं. म्हणजे इथे बूस्टर सुटलेलं नऊ-दहा वर्षांचं मूल तिथे परत बूस्टरवर. आणि २०२४ पासून जर्मनीच्या सीमेवर तपासणी चालू आहे. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही मूळ प्रती हाताशी ठेवा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. आजी-आजोबांचे पासपोर्ट आणि विम्याचे कागदही.

अनुजा: ड्युर्ब्वीचं सगळ्यात जवळ आणि सुंदर दिसतंय. उर्थ नदीच्या अगदी काठावरच्या जागा मोकळ्या आहेत.

सचिन: काठावरच्याच का मोकळ्या, ते विचार 🙂 जुलै २०२१ मध्ये याच भागात, वेस्द्र आणि उर्थच्या खोऱ्यांत, भर उन्हाळ्यात पूर आला होता. अरुंद दरीत वर पाऊस पडला की पाणी काही तासांत चढतं. साइट तीच घ्या, पण वरच्या टप्प्यावरची जागा मागा. धाकटं पोर बघता तेच बरं, नाहीतर एक माणूस दिवसभर नदीकडे पाठ न करता बसवावा लागेल.

वरच्या टप्प्याचा त्रास एकच: खाली दगड. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या तिथे चकलीसारख्या वळतात. जाड पोलादी खुंट्या घ्या, २० सेंमीच्या, आणि खरी हातोडी. रबरी नको.

रोहित: मग कोखेम?

मेधा: मोझेलकाठी जमीन सपाट आणि तंबूला उत्तम. पण नकाशात रेल्वे बघा. कोब्लेंझहून कोखेमपर्यंत रूळ नदीला चिकटून जातो आणि मालगाड्या रात्रीही चालतात. शिवाय जर्मनीत दुपारी १ ते ३ बऱ्याच साइटवर मिटाग्सरुहे (दुपारची विश्रांती) असते: ऑफिस बंद आणि गाड्यांचा अडसर खाली. दीडला पोचलात तर मुलं गाडीत आणि गाडी गेटबाहेर. एकतर साडेबाराच्या आत पोचा, नाहीतर सरळ तीननंतर.

अनुजा: आणि सासू-सासरे? तंबूत त्यांचे गुडघे ऐकणार नाहीत.

मेधा: त्यांच्यासाठी त्याच साइटवर लाकडी केबिन किंवा मोबाइल होम घ्या. 'स्वतःचं संडास-बाथरूम' हे शब्द यादीत शोधा, कारण सफारी तंबू कितीही राजेशाही दिसला तरी बऱ्याचदा त्यात नळसुद्धा नसतो. चादरी, टॉवेल वेगळे, शेवटची सफाई वेगळी, डिपॉझिट वेगळं. ऑगस्टमध्ये मोठी घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात, तंबूची जागा मात्र रात्रीवर मिळते. ५ रात्रींसाठी लहान केबिन आहे का, ते फोन करून विचारा. ऑनलाइन कॅलेंडरमध्ये 'नाही' दाखवतं आणि फोनवर सुटे दिवस सापडतात.

आणि सार्वजनिक संडासात नळ नसतो, काही ठिकाणी कागदही नसतो. टमरेल घ्याच.

रोहित: 😂 स्वयंपाकाचं? मी इंडक्शन आणतोय.

सचिन: आधी अँपिअर विचार. जागेवर ६ अँपिअर असेल तर २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट, तेही सगळं मिळून. इंडक्शन २००० वर टाकलं की खटका पडणार. १० अँपिअरला २३०० मिळतात, पण तेवढ्यात कोणी किटली लावली की संपलं. खटक्याचा डबा काही ठिकाणी कुलूपबंद असतो. रात्री ऑफिस बंद झाल्यावर पडला तर सकाळपर्यंत अंधार, फ्रीजसकट. इंडक्शन १००० वर ठेवून कुकर लावा. वेळ जास्त लागेल, वरणभात होईल.

केबल २५ मीटर, ३ × २.५ चौरस मिमी, निळ्या गोल सीईई (कॅम्पिंगच्या) प्लगची. ड्रमवरची असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलला उष्णता सोडायला वाव नसतो, आवरण वितळतं.

मेधा: मुख्य स्वयंपाक गॅसवरच करा. कुकर नेलात तर शेगडीचे पाय रुंद बघा, बारीक गॅसच्या डबीवरच्या शेगडीवर पाच लिटरचा कुकर कलंडतो. वाऱ्यासाठी आडोसा लावताना डबी आडोशाच्या बाहेर राहायला हवी. आणि पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत घ्यायची नाही. आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त, त्याला वास नसतो.

अंताक्षरी रात्री १० पर्यंत. त्यानंतर शेजारचे डच काका येतात, हसत येतात, पण येतात.

अनुजा: म्हणजे लक्झेम्बर्ग?

सचिन: आजी-आजोबा आहेत म्हणून माझं मत तेच. तिथे बस, ट्रेन, ट्राम २०२० पासून सगळ्यांना फुकट, पर्यटकांनाही. फियांडनचा किल्ला, एख्टरनाखचं तळं हे गाडी न काढता होतं. मुलं म्युलरटालच्या खडकांत चढतील, आजी-आजोबा बसने पुढे. जंगलात लांब पँट, मोजे वर, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघायची. चिमटा त्वचेलगत लावून सरळ ओढायचा. तेल, व्हॅसलीन काही लावायचं नाही.

एक राहिलं. गाडीच्या पेखहुल्पमध्ये (गाडी बंद पडल्यावरची मदत) परदेश आहे का बघा, साध्या पॅकेजमध्ये बहुतेक फक्त नेदरलँड्स असतं.

अनुजा: एख्टरनाखचा नकाशा टाकलाय. शेजारशेजारच्या चार जागा दोन ठिकाणी आहेत: ४१ ते ४४, किंवा ६० ते ६३. तंबूचं तोंड कुठे, ते नंतर बघू.

मेधा: ४१-४४ च्या समोर तो छोटा हिरवा चौकोन आहे ना, ती बाटल्यांची टाकी. सकाळी सातला काचा फुटायला लागतात. ६० ते ६३ घे, आणि ६० आजी-आजोबांच्या केबिनजवळ पडतो का ते आधी विचार.