टीवायबीएला राजकीय अर्थशास्त्र शिकवायचंय, सुरुवात कशाने करू?

सातचं_लेक्चर :
नमस्कार मंडळी. यंदा राजकीय अर्थशास्त्राचा पेपर माझ्याकडे आलाय. माझं शिक्षण इंग्रजीतून, वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातली. बदलापूर-टिटवाळ्याहून सकाळी सातला येतात, दुपारी कामाला जातात. पहिल्याच आठवड्यात मूल्याचा श्रमसिद्धान्त (वस्तूचं मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावरून ठरतं, हा) फळ्यावर मांडला, मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतला. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, याचा आमच्या घराशी काय संबंध?" मला धड सांगता आलं नाही. तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. महिनाभर पुरेल असं मुंबईतलं एखादं प्रकरण सुचवा. पीएचडीचा विषयही ठरवायचाय, कागदपत्रं कुठे बघू?

जुना_खडू :
मुंबईतल्या कापड गिरण्यांची जमीन घ्या. मी बरीच वर्षं तीच घ्यायचो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम वर्गात वाचा. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिचे तीन वाटे : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन वगळली. गिरणीचं आवार म्हणजे बहुतेक शेडच, त्यामुळे पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आकसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मी फळ्यावर आवार काढायचो, शेड खडूने भरायचो आणि मुलांना दोन्ही नियमांनी वाटे करायला लावायचो. वाटे स्वतःच्या हाताने केले की सरकार कोणाच्या बाजूने उभं राहतं हे मुलंच विचारतात. सिद्धान्त त्यानंतर काढा, तोवर थांबा.

लालबागची_लेक :
सरांचं म्हणणं पटतं, पण जमिनीपासून सुरू केलंत तर माणसं शेवटी येतील. माझे बाबा गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कायमचा कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. त्यांचं बदलीचं कार्ड अजून माझ्याकडे आहे, घडीवर फाटलंय.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. सगळे बोनस आणि पगारवाढीचंच सांगतात. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, आणि तो कायदा रद्द करा हीही मागणी होती. हे वर्गात जरूर शिकवा.

संप लांबला तेव्हा आई आम्हाला घेऊन साताऱ्याकडे गेली. आजीच्या ज्वारीवर दिवस काढले. गिरणीला पगार कमी ठेवणं परवडत होतं, कारण आमचं निम्मं पोट गावची जमीन भरत होती. हे मला एमएला गेल्यावर उमगलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलांना घर कशावर चालतं ते लिहून आणायला सांगा. फक्त कोणाचा कागद नावानिशी वाचू नका.

फोर्टचा_वाचक :
पीएचडीसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. गाइडचं पत्र सोबत न्या. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' १९६६ पासून मुंबईतूनच निघतं, संपाच्या काळातले अंक ओळीने वाचा. विषय सगळ्या गिरणगावाचा घेऊ नका, एकच गिरणी घ्या, नाहीतर पाच वर्षं नुसती टिपणं निघतील.

शब्दांचं म्हणाल तर, मजुरी देऊन उरलेलं जे मूल्य मालकाकडे जातं त्याला 'अतिरिक्त मूल्य' पेक्षा 'वरकड' म्हणा, मुलांच्या तोंडी लवकर बसतं. आणि वर्गात हेही सांगा की डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० याच शहरात, सिडनहॅम कॉलेजात, राजकीय अर्थशास्त्रच शिकवत होते. माझ्या वर्गात हे ऐकून मुलं ताठ बसली होती.

सातचं_लेक्चर :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कागद लिहून घेतले. त्या मुलीची आई पोळीभाजीचे डबे करते. तिने पीठ, तेल, भाजी, गॅस सिलिंडर, डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे, सगळं मांडलं होतं. आईच्या मजुरीची ओळच नव्हती. मी पेन्सिलने तिथे रिकामी ओळ आखून कागद तिला परत दिला. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "मॅडम, इथे किती लिहू?"

गुरुवारचं लेक्चर त्यावरच घेणार आहे, तिची परवानगी घेतली आहे. लालबागची_लेक, बाबांच्या कार्डाची झेरॉक्स वर्गात दाखवायला मिळेल का?

लालबागची_लेक :
झेरॉक्स कशाला, कार्ड घेऊन मीच येते. कॉलेज कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवा.