मदत हवी आहे: शिकारीसाठी पहिला लर्चर, दोन पिल्लांतलं कुठलं घेऊ?

सांगलीकर_कार्लाइल
नमस्कार मंडळी. यूकेमध्ये लर्चर (शिकारीचं वेगवान मिश्र कुत्रं) पाळणारे कोणी असतील तर प्लीज लवकर सांगा, रविवारपर्यंत बयाणा द्यायचाय. शेतावर रॅबिटांनी उच्छाद मांडलाय, शेतकऱ्याची परवानगी आहे, मित्राकडे फेरेट (बिळातून रॅबिट हुसकणारा मुंगसासारखा पाळीव प्राणी) आणि जाळ्या आहेत. फक्त कुत्रा हवा. दोन वेतं बघून ठेवलीत. एक बेडलिंग्टन-व्हिपेट, साडेतीनशे पौंड. दुसरं सलुकी-ग्रेहाउंड, अडीचशे. हे दुसरं दिसायला राजबिंडं आहे, लांब पाय, कानाला झालर. माझा कल तिकडे आहे. कुठलं घेऊ? कुत्रा म्हणजे जबाबदारी वगैरे मला माहीत आहे, त्यावर कृपया लिहू नका.

हेमंत_लिंकन
शेत कुठे आहे? सपाट मोकळं रान की झुडपी कुंपणांची छोटी वावरं? दिवसा बिळात फेरेट सोडून काम करणार की रात्री बॅटरीच्या झोतावर? आजूबाजूला मेंढ्या किती? घरी मांजर, लहान मुलं? पिल्लांची आई बघितली का? हे कळल्याशिवाय कुणीही उत्तर दिलं तरी ते अंदाजपंचे असेल.

आटपाडीचा_कारवान
भाऊ, सांगलीचे असून परदेशी मिश्र कुत्रं घेताय? आपल्या जत-आटपाडीत कारवान (मुधोळच्या जातीचा शिकारी कुत्रा) मिळतो. उन्हातान्हात पळणारा, कमी खाणारा, घराशी इमानी. मुधोळच्या कुत्र्यावर २००५ साली पोस्टाने तिकीट काढलंय. माझ्याकडे पुढच्या महिन्यात वेत आहे, पिल्लू राखून ठेवतो.

हेमंत_लिंकन
@आटपाडीचा_कारवान, दादा, कुत्रा उत्तमच, पण भारतातून इथे आणायचा तर आधी रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. पिल्लूपण तिथेच संपतं. तुमच्या कार्लाइलकडच्या, कंब्रियाच्या पावसात, बोरांटीसारख्या काट्यांत ते आखूड केसांचं कातडं टिकवणंही सोपं नाही.

आटपाडीचा_कारवान
आमच्याकडे बाभळीच्या रानात टिकतं, तिथे का टिकणार नाही?

रानवाटा
मला कळत नाही, मराठी माणसं इथे उघडपणे शिकारीवर चर्चा कशी करू शकतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणं गुन्हा आहे. जाळी लावा, कुंपण घाला. मुक्या जीवामागे कुत्रं सोडणं मला अमानुष वाटतं.

सांगलीकर_कार्लाइल
तो कायदा भारतातला. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे रॅबिट पिकाचा शत्रू आहे, शेतकरी स्वतः बोलावतो. माझा प्रश्न पिल्लाचा आहे.

मृणाल_यॉर्क
मी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे आणि घरी दोन लर्चर आहेत. थोडं सविस्तर लिहिते.

लर्चर ही केनेल क्लबची (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची) जात नाही. वेगाने पळणारं रक्त (ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी, डिअरहाउंड) आणि कामाचं रक्त (मेंढ्या राखणारा कोली, बेडलिंग्टन टेरिअर वगैरे) यांचा संकर. त्यामुळे संकराचं नाव ऐकून फारसं काही कळत नाही. आई-बाप स्वतः काय काम करतात, हे डोळ्यांनी बघा. आई फेरेटशेजारी शांत बसते का, बिळात रॅबिट आहे की नाही ते नाकाने सांगते का, पकडलेलं जिवंत आणि न चिरडता हातात आणून देते का? ब्रीडर म्हणाला "बापाने खूप मारलेत" तर बापही दाखवा म्हणा.

सलुकी रक्त दमाचं. ते मोकळ्या सपाट रानात हेअरमागे (रॅबिटाहून मोठा, उघड्यावर राहणारा ससा) लांब पल्ला पळण्यासाठी पैदास झालंय, आणि हेअर कोर्सिंग, म्हणजे हेअरमागे कुत्री सोडण्याचा खेळ, इथे बंद आहे. २०२२ पासून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे, शिवाय कोर्ट कुत्रा पाळायलाच बंदी घालू शकतं. रॅबिट पन्नास यार्डांत बिळात शिरतो. तिथे दम कामाचा नाही, झटकन वळणारं बुटकं कुत्रं हवं. सलुकीला एकदा काही दिसलं की हाक ऐकू येत नाही, पहिल्या कुत्र्यासाठी हे फार जड जातं. बेडलिंग्टन-व्हिपेट साधारण १८ ते २१ इंच, राठ केस, झुडपात नाक खुपसणारं.

एक गोष्ट रोज बघते ती सांगते. काटेरी तारेत घुसलेलं लर्चर येतं तेव्हा छातीचं कातडं चादरीसारखं सोललेलं असतं, खालचा स्नायू स्वच्छ दिसतो, आणि कुत्रं मात्र शेपूट हलवत उभं. जितकं आखूड केसांचं तितकं जास्त फाटतं. विमा आधी काढा. आणि वर्षाचं होईपर्यंत जोरात पळवू नका, हाडांची वाढ पूर्ण व्हायची असते.

प्रसाद_डर्बी
पैसे देऊन पिल्लू का घेता? रेस्क्यू सेंटर लर्चरनी भरलेली आहेत. काम जमलं नाही म्हणून सोडून दिलेले तरुण कुत्रे. आमची दोन वर्षांची असताना आणली, सोफ्यावरून उठत नाही इतकी गुणी.

हेमंत_लिंकन
प्रसादराव, घरासाठी रेस्क्यू अगदी योग्य. पण बहुतेक सेंटर शिकारीसाठी कुत्रा देतच नाहीत, करारात लिहून घेतात. खोटं सांगून आणणं बरं नव्हे.

मृणालताईंशी एका बाबतीत मतभेद. पहिल्या कुत्र्यासाठी मी कोली-ग्रेहाउंडच सांगेन. डोकं कोलीचं. एकदा शिकवलं की मेंढीकडे मान वळवत नाही. बेडलिंग्टनमध्ये टेरिअरचा हट्ट असतो, बिळापाशी उकरत बसतं, हाक मारून घसा बसतो.

मृणाल_यॉर्क
कोलीला रोज डोक्याला काम लागतं. आठवड्यातून एकदा रानात नेणाऱ्या माणसाकडे तो घर कुरतडतो. आणि मेंढ्यांचं म्हणाल तर प्रत्येक पिल्लाला लहानपणीच दोरीवर मेंढ्यांतून फिरवावं लागतं, संकर कुठलाही असो. कंब्रियात हे पहिलं काम. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर १९७१ च्या कायद्यात त्याला बचाव आहे.

ठसका
रॅबिटचा तांबडा रस्सा कुणी केलाय का? माझा दरवेळी चिवट होतो.

सांगलीकर_कार्लाइल
सगळ्यांची उत्तरं एकदम देतो. मांजर नाही. मुलं दोन, सात आणि चार वर्षांची. मागे छोटं अंगण, चार फुटी कुंपण. काम दिवसा फेरेटवर, हिवाळ्यात कधी रात्री बॅटरीवर. शेत ग्रेटनाच्या पुढे, ॲननकडे जाताना, छोटी वावरं, मेंढ्या भरपूर. घरापासून अर्ध्या तासाच्या आत. सलुकीवाल्याकडे आई बघितली नाही, फोटो आहेत. आता सांगा.

हेमंत_लिंकन
ग्रेटनाच्या पुढे म्हणजे स्कॉटलंड! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या हंटिंग ॲक्टमध्ये रॅबिट आणि उंदीर-घुशींना सूट आहे, जमीन स्वतःची असेल किंवा मालकाची परवानगी असेल तर. स्कॉटलंडमध्ये २०२३ चा नवा कायदा आला आणि त्यात रॅबिटही वन्य सस्तन प्राण्यांत मोडतो. कोर्सिंगवाले "आम्ही रॅबिट धरतोय" म्हणून सुटायचे, ते थांबवण्यासाठी. तिथे कुत्रा फार तर उठवू शकतो, तेही दोनच कुत्रे, आणि उठवलेला प्राणी बंदुकीने किंवा शिकारी पक्ष्याने मारायचा. लर्चरने धरून मारायचा नाही. शेतकऱ्याची परवानगी असली तरी नाही.

बंड्या_ग्लासगो
एवढं कोण बघतंय? माझे ओळखीचे लोक अजून जातात. रॅबिटसाठी पोलीस हेलिकॉप्टर पाठवत नाहीत.

मृणाल_यॉर्क
बंड्या, असं सांगू नका. गाडीत लर्चर, लॅम्प आणि परक्या चेहऱ्याचा माणूस, गावातला कुणीही फोन करतो. कुत्रा जप्त होतो आणि खटला निकाली निघेपर्यंत केनेलमध्ये पडून राहतो. व्हिसावर असलेल्या माणसाने तर हा विचारही करू नये. ज्याची चार वर्षांची मुलगी त्या कुत्र्याला भाऊ म्हणायला लागलेली असेल, त्याच्या घरात काय होईल?

रानवाटा
म्हणजे तिथेही कायदा प्राण्याच्या बाजूने आहे. मी हेच म्हणत होते.

हेमंत_लिंकन
रानवाटा, तुमची तळमळ कळते. पण विष घातलेलं किंवा मिक्सोमॅटोसिस या रॅबिटांच्या रोगाने डोळे सुजून कित्येक दिवस झुरत पडलेलं रॅबिट मी पाहिलंय. चांगला कुत्रा क्षणात धरतो, आणून देतो. मला ते जास्त दयाळू वाटतं.

सांगलीकर_कार्लाइल
हे मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, शेतकऱ्यानेही नाही. त्याच्याशी बोललो. त्याच्या मेहुण्याची जमीन अलीकडे लाँगटाउनजवळ आहे, इंग्लंडच्या हद्दीत, तिथेही रॅबिटांनी बांध पोखरलेत. तो परवानगी द्यायला तयार आहे. सलुकीवाल्याला आई बघायची म्हटलं तर म्हणाला घरी येऊ नका, मोटरवेच्या सर्व्हिसेसवर पिल्लू आणून देतो.

मृणाल_यॉर्क
तिथेच विषय संपला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू धंदा म्हणून विकणाऱ्याने ते स्वतः वाढवलेलं असायला हवं आणि आईसकट दाखवायला हवं. आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, ओळखीची मायक्रोचिप ब्रीडरच्या नावावर आधी झालेली हवी. पार्किंगमध्ये पिल्लू देणारा माणूस उद्या फोन उचलत नाही.

हेमंत_लिंकन
मेहुण्याकडून परवानगी लेखी घ्या. तारीख, शेतांची नावं, तुमचं आणि फेरेटवाल्या मित्राचं नाव, रात्री बॅटरीवर जायची मुभा वेगळी लिहून. कागद गाडीत ठेवा. बेडलिंग्टनवाल्याकडे दिवसाउजेडी जा आणि आईला फेरेटवर काम करताना बघा.

आटपाडीचा_कारवान
मी अजूनही म्हणतो, गावाकडे आलात की एकदा कारवान बघून जा.

सांगलीकर_कार्लाइल
नक्की येईन दादा. बेडलिंग्टनवाला शनिवारी सकाळी या म्हणाला, आई रानात दाखवतो, बापही शेजारच्या गावात आहे. पण त्याची पिल्लं पहिल्या संकराची नाहीत. आई-बाप दोघेही बेडलिंग्टन-व्हिपेटच. त्याने फरक पडतो का?

मृणाल_यॉर्क
पडतो. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार आहे. दोष दोन्हीकडून आला तरच त्रास होतो, म्हणून शुद्ध बेडलिंग्टन आणि शुद्ध व्हिपेटच्या पिल्लांना भीती नाही. इथे दोन्ही बाजूंना बेडलिंग्टन आहे. डीएनए चाचणी असते, आई-बापांपैकी निदान एकाचा तरी स्वच्छ रिपोर्ट मागा. नसेल तर "चाचणी करा, खर्च अर्धा मी देतो" म्हणा. चांगला ब्रीडर यावर रागावत नाही. रिपोर्ट येईपर्यंत बयाणा देऊ नका, रविवार गेला तरी चालेल.

ठसका
माझ्या रश्श्याचं कुणीतरी सांगा.

हेमंत_लिंकन
ठसका, रानातल्या रॅबिटला चरबी जवळजवळ नसते. रात्रभर दह्यात ठेवा, मंद आचेवर दोन तास, कुकर नको.
सांगलीकर, चार फुटी कुंपण लर्चर सहा महिन्यांचा झाला की उभ्या उभ्या ओलांडतो. पिल्लू यायच्या आधी ते सहा फूट करून घ्या.