सोसायटी ग्रुप: इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की केमिस्ट्री सुटते का?

सी-१०१ वहिनी: नमस्कार मंडळी. लेकीची सीईटी चांगली गेली. आता कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. तिला इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे, पण जीव सगळा केमिस्ट्रीत. घरातले म्हणतात, दोन्ही डगरींवर हात नको, एक काय ते धर. कुणी जाणकार असेल तर सांगा की.

बी-२०३ दादा: वहिनी, केमिस्ट्री पहिल्या वर्षापुरती असते, पुढं इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला तिचा काय संबंध? कॉम्प्युटर टाका सरळ. नोकरी तरी लागते.

ए-३०४ काका: दादा, संबंध नाही असं नका म्हणू. माझी सगळी नोकरी डाईंगमध्ये गेली. टॉवेलचं सूत रिॲक्टिव्ह रंगानं रंगवताना सोडा घालून पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, अकराच्या आसपास न्यावा लागतो, तेव्हा रंग धाग्याला धरतो. कमी पडला की धुण्यात निम्मा रंग वाहून जातो आणि एक लॉट दुसऱ्याला जुळत नाही. आता हा पीएच बघायचा कसा? गडद लाल बाथमध्ये पीएच पेपर बुडवला की पेपरच लाल होऊन वर येतो. त्यावर काय वाचणार? म्हणून काचेच्या इलेक्ट्रोडचा मीटर. त्याच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो, भांड्याच्या काठाला जरा टेकला की गेला. वाळू द्यायचा नाही, कायम द्रावणात ठेवायचा. लहान मुलासारखा सांभाळावा लागायचा.

ए-३०४ काका: हे सांगायचं कारण म्हणजे पीट बर्गवेल्ड. नेदरलँडचा माणूस, १९४० चा जन्म. शिक्षण आइंडहोवनला, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. केमिस्ट्रीचं नाही, हे लक्षात घ्या. पुढची सगळी कारकीर्द एन्स्हेडे गावातल्या ट्वेंटे विद्यापीठात. एन्स्हेडे म्हणजे आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव, आणि तिथल्याही गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या पडत्या काळात, १९६१ साली तिथं हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ काढलं. गिरणगावात असं काही उभं राहतं हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

सी-१०१ वहिनी: मग केलं काय त्यांनी?

ए-३०४ काका: त्यांना मज्जापेशींच्या आसपास आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कसे हलतात ते मोजायचं होतं. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध कोट्यवधी ओहम असतो. असा बारीक सिग्नल वायरीतून मीटरपर्यंत न्यायचा म्हणजे वाटेत सगळी खरखर मिसळते. तर यांनी सिग्नल नेण्याऐवजी ट्रान्झिस्टरच द्रावणात नेऊन ठेवला. त्याचा शोधनिबंध जानेवारी १९७० चा, जेमतेम दोन पानांचा. पुढं डॉक्टरेट १९७३ ला. डी-४०२ ताई, ट्रान्झिस्टरचं तुम्ही सांगा, ते तुमचं क्षेत्र.

डी-४०२ ताई: हो काका, सांगते. मॉसफेट हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार. त्यात सिलिकॉनवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्यावर गेट म्हणून धातू. गेटला व्होल्टेज दिलं की खालून जाणारा प्रवाह कमी-जास्त होतो. बर्गवेल्डनी तो धातू काढला आणि ऑक्साइड थेट द्रावणाला लावला. द्रावणातले हायड्रोजन आयन (पीएच म्हणजे त्यांचंच माप) ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसतात किंवा सुटतात, तिथला विद्युतभार बदलतो आणि प्रवाह बदलतो. म्हणजे गेटचं काम द्रावणानं केलं. त्याला इस्फेट म्हणतात. वर्गात मुलं मॉसफेटची समीकरणं पाठ करतात, पण हे उदाहरण दिलं की मान वर करून ऐकतात.

बी-२०३ दादा: ताई, पण ही तर सगळी फिजिक्सच झाली. केमिस्ट्री कुठं आली?

डी-४०२ ताई: दादा, खरी मेहनत तिथंच लागली. २५ अंशाला पीएच एकनं बदलला की जास्तीत जास्त ५९ मिलिव्होल्ट मिळू शकतात. साधा सिलिकॉन ऑक्साइड तिथवर पोचतच नाही. का पोचत नाही, हे त्या पृष्ठभागावरचं रसायन कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून मग सिलिकॉन नायट्राइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड, टँटलम ऑक्साइड असे थर लावून बघितले. टँटलम जवळजवळ पूर्ण ५९ पर्यंत जातो. शिवाय आकडा हळूहळू सरकत राहतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. ती डोकेदुखी अजून पुरती गेलेली नाही.

ए-३०४ काका: आणि वादही झाला. सुरुवातीला बर्गवेल्डनी रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे तुलनेसाठी द्रावणात ठेवायचा स्थिर व्होल्टेजचा इलेक्ट्रोड, न लावताच मोजलं होतं. १९७४ ला मात्सुओ आणि वाइज यांनी तो लावून काम केलं, आणि पुढं तो लागतोच हे सगळ्यांनी मान्य केलं. स्वतः बर्गवेल्डनी हाच विषय तीस वर्षं धरून ठेवला आणि २००३ ला त्या सगळ्या वाटचालीवर मोठा लेख लिहिला. एका विषयाला इतकी वर्षं देणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

बी-१०२ भाऊ: काका, आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकमधून ॲसिड सोडतो, क्षार बसून ड्रिपर चोकअप होतात म्हणून. तिथं हे चालेल का?

ए-३०४ काका: चालतं की. काच नसल्यामुळं फुटायची भीती नाही, कोरडाही ठेवता येतो. दूध, मांस असल्या खायच्या वस्तूंत काचेचा तुकडा पडून चालत नाही, तिथं हाच घालतात. पण कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करायला पाहिजे, त्यात हयगय नको.

सचिव: मंडळी, मध्येच सांगतो, उद्या पहाटे पाणी येणार आहे. टाक्यांचे व्हॉल्व्ह बघून ठेवा. चालू द्या चर्चा.

डी-४०२ ताई: वहिनी, अजून एक सांगते, लेकीला जरूर वाचून दाखवा. डीएनएची साखळी तयार होताना एकेक अक्षर जोडलं जातं, तेव्हा एक हायड्रोजन आयन सुटतो. एका चिपवर लाखो इस्फेट ठेवून तो सुटलेला आयन पकडायचा आणि डीएनए वाचायचा, असं यंत्र निघालं. २०११ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. ना लेझर, ना कॅमेरा. नुसता पीएच! १९७० ची ती कल्पना आणि तिच्यावर हे.

बी-२०३ दादा: हे मला खरंच माहीत नव्हतं. मग वहिनी, फॉर्ममध्ये इन्स्ट्रुमेंटेशनपण टाका. सेन्सरचं त्यात जास्त असतं ना ताई?

डी-४०२ ताई: हो, दादा म्हणतात ते बरोबर. इलेक्ट्रॉनिक्स पहिलं, इन्स्ट्रुमेंटेशन दुसरं. आणि बारावीची केमिस्ट्रीची पुस्तकं रद्दीत घालू नका.

सी-१०१ वहिनी: लेक शेजारीच बसून वाचतीय. विचारतीय की हायड्रोजन आयन कळतो ते ठीक, पण त्याच चिपवर साखर कशी मोजणार? साखर काय आम्ल नाही.

ए-३०४ काका: शाब्बास! नेमकं विचारलंस बाळा. वर एन्झाइमचा थर द्यायचा. ग्लुकोज ऑक्सिडेज साखरेपासून ग्लुकॉनिक आम्ल करतं, त्यानं तिथल्या तिथं पीएच उतरतो आणि चिपला तेवढाच कळतो. याच वाटेनं १९८० ला कारास आणि जनाता यांनी पेनिसिलिन मोजून दाखवलं. आता तू सांग, युरिया मोजायचा असेल तर कुठलं एन्झाइम लावशील आणि पीएच वर जाईल का खाली?