आईच्या झडपेचं ऑपरेशन : छोटा छेद की नेहमीचं? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची. नौपाड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळतेय. हल्ली दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबते आणि म्हणते, "चपलेचा पट्टा सुटला गं."

झडप दुरुस्त होईल म्हणालेत. एक तर छातीचं मधलं हाड कापून, नाहीतर उजवीकडे बरगड्यांमधून छोटा छेद देऊन. छोट्या छेदाचा खर्च बराच जास्त आहे. दादा "भोक पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी" असं सगळ्यांना सांगत सुटलाय. तसं काही नसतं. ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन त्यातही लागतं, फक्त त्याच्या नळ्या जांघेतून घालतात.

बाबांची बायपास २०११ ची. हाड तारांनी बांधलेलं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायचे, खाटेवरून उठताना हाताचा रेटा द्यायचा नाही, दोन महिने दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचललं नाही. त्यांच्या दिमतीला आई होती. आईच्या दिमतीला मी, आणि माझी सकाळी ८.१० ची लोकल.

ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर अशीच तुलना झाली, २०२३ मध्ये निकाल आला. १२ आठवड्यांनी दोन्हीकडच्यांचं हिंडणंफिरणं जवळपास सारखंच. छोट्या छेदवाले साधारण एक दिवस आधी घरी गेले. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? पहिल्या दीड महिन्याचे? ज्यांनी तो काढलाय त्यांनी सांगा: जिना कधी चढलात, केस स्वतः कधी विंचरलेत?

---

प्रतिसाद, ऐरोलीकर :
माझं छोट्या छेदाने झालं, दोन वर्षं झाली. हाताचा रेटा देऊन उठता यायचं, हे सुख मोठं. पण बरगडीची शीर दुखावते. ब्लाऊजची शिवण टेकली तरी झिणझिण्या, तीन महिने. जांघेतली जखम ठुसठुसली ती वेगळीच.

रक्त पातळ करायची गोळी किती दिवस, ते छेदावर नसतं, झडपेवर असतं. दुरुस्ती जमली नाही आणि धातूची बसवली तर गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) तपासत राहायचं. म्हणून छेदाच्या आधी हे विचार, की या सर्जनने या पद्धतीने किती झडपा *दुरुस्त* केल्यात, बदलल्या नव्हे.

धागाकर्ती :
थँक्यू ताई, हा प्रश्न सुचलाच नव्हता. गुरुवारी विचारते. केसांचं राहिलं हो, आईचे कमरेपर्यंत आहेत.

ऐरोलीकर :
पाचव्या दिवशी, उजव्या हाताने अर्धेच. बाकीचे सुनेने.