मदत हवी आहे: सुट्टीत होस्टेलचं सामान स्टोरेज युनिटमध्ये ठेवायचंय

शेवटचा पेपर झाला की दोन दिवसांत खोली रिकामी करायची आहे, आणि घर इतकं लांब की गाद्या-पुस्तकं नेणं-आणणं शक्य नाही. आम्ही तिघी मिळून तीन महिन्यांसाठी एक युनिट घ्यायचं म्हणतोय. ५ बाय ५ फुटांत तीन गाद्या, छोटा फ्रिज, एक सायकल आणि पुस्तकांचे खोके मावतील का? (पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नयेत, एवढं मागच्या वर्षी शिकले. ऐन जिन्यात तळ फाटला.)

खरी भीती ओलीची आहे. मागच्या सुट्टीत मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये ठेवलेल्या रजईला असा कुबट वास लागला की तीनदा धुऊनही गेला नाही. तापमान-नियंत्रित युनिटला जास्त पैसे मोजावेत, की सिलिका जेलच्या पुड्यांवर भागतं? फ्रिज पूर्ण कोरडा करून दार किंचित उघडं ठेवायचं, हे माहीत आहे. गादीला प्लास्टिक गुंडाळावं की सुती चादर, यावरून मात्र आमच्यात रोज वाद.

आणि करार एकीच्याच नावावर असेल तर बाकी दोघींच्या सामानाला विमा लागू होतो का? कुणी असं युनिट वाटून घेतलं असेल तर प्लीज सांगा, शुक्रवारपर्यंत बुकिंग करायचंय.