पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका
तुम्ही लिहिलंय की आय७ १४७००के प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर ग्राफिक्स कार्ड घेताय आणि दुकानदार म्हणतो ६०० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल, तर प्लीज ऐकू नका त्याचं. प्रोसेसर फुल लोडला २५३ वॅटपर्यंत जातो, कार्ड २८५, म्हणजे ५३८ इथेच झाले, वर मदरबोर्ड, फॅन, एसएसडी वेगळे, आणि कार्ड क्षणभर त्याहून बरंच जास्त खेचतं. माझ्या जुन्या पीसीत सप्लाय असाच कमी पडायचा, गेम ऐन रंगात आला की स्क्रीन काळी आणि टक्‌ करून रीस्टार्ट, मी महिनाभर विंडोजच परत परत टाकत बसलो, शेवटी सप्लाय बदलला आणि संपलं.

८५० वॅट घ्या, एटीएक्स ३.० स्टँडर्डचा, कारण ते स्टँडर्डच कार्डाचे असे क्षणभराचे झटके सोसायला बनवलंय. सप्लायवर ८० प्लस गोल्डचा शिक्का बघा पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, क्वालिटी नाही, त्यामुळे वॉरंटी आणि चांगले रिव्ह्यू बघूनच घ्या. कार्डाची १६ पिनची केबल पूर्ण आत बसली पाहिजे हं, जरा जरी फट राहिली तरी प्लग वितळू शकतो.

कूलिंगचं म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० ला असते, कितीही भारी लिक्विड कूलर लावा, खोलीपेक्षा थंड होणार नाहीच. ३६० एमएम रेडिएटरचा लिक्विड कूलर घ्या किंवा मोठा एअर कूलर लावून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची पॉवर लिमिट कमी करा, मी दुसरं केलं, गेममध्ये फरक जाणवला नाही. आणि कॅबिनेट पुढून जाळीचंच घ्या, काचेचं नको.